तात्यांच्या कॉम्प्युटरवरचं सहावं खातं

आमचे शेजारी तात्या घरच्या कॉम्प्युटरवर बायकोचं खातं उघडण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारतात, "येऊ का आत?" काकू भाकरी थापता थापता म्हणतात, "या." मग तात्या परत खुर्चीत येऊन बसतात आणि काकूंचा पासवर्ड टाकतात. तो त्यांनीच ठरवलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

तात्यांची सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. पारनेर तालुक्यात त्यांनी साखळी ओढली नाही असं शिवार सापडायचं नाही. रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेवढ्यात मुलानं कॉम्प्युटर आणला आणि तात्यांनी त्याची वाटणी केली. तात्या, काकू, मुलगा, सून, नातू, ज्याचं त्याचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा, पडद्यावरचं चित्रसुद्धा वेगळं. इंटरनेट आणि मराठी टायपिंग तेवढं सामाईक, विहिरीसारखं. नातवानं एकदा गाड्यांचा खेळ सगळ्यांना दिसेल असा टाकला, तर तात्यांनी तो काढायला लावला. "तुझी म्हैस तुझ्या गोठ्यात बांध," म्हणाले. कुणी कुरकुरलं की उत्तर ठरलेलं, "हद्द कायम पाहिजे."

मी पारनेरात कॉम्प्युटरचे क्लास घेते, त्यामुळे त्या घरात मला डॉक्टरसारखा मान आहे. मध्यंतरी सुनेनं, मनीषानं, घरीच दूध संकलन सुरू करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक किटल्या घेऊन येणार, आणि हिशेबाचा प्रोग्राम टाकायला बसले तर कॉम्प्युटरात जागाच नाही. मनीषा रडकुंडीला आली. एखादं खातं काढल्याशिवाय सुटका नव्हती.

कोणाचं खातं किती जागा खातंय ते मी बघू लागले. सगळ्यात मोठं निघालं ते सहावं खातं. नाव, 'धाकटा'. आता मला कसलं राहवतंय.

"हे कोणाचं हो, तात्या?"

"हाय एकाचं."

"वापरतं कोण?"

"अजून कोनी न्हाई." तात्या उगीचच चष्मा पुसायला लागले.

काकूंनी आतून सांगून टाकलं, "रंगनाथभावजींचं हाय ते. एवढं काय लपवायचं त्यात?"

रंगनाथकाका म्हणजे तात्यांचे धाकटे भाऊ. शेतीची वाटणी झाली तेव्हा तात्यांनी बाहेरचा माणूस न बोलावता स्वतः मोजणी केली. काकांनी लहानपणी लावलेला आंबा हातभर तात्यांच्या बाजूला आला. सगळे म्हणाले, झाड त्याचं त्याला देऊन टाका. तात्या म्हणाले, "मोजनीत आलं ते आलं." काका बिऱ्हाड उचलून मळ्यात राहायला गेले, ते तेव्हापासून बोलत नाहीत.

काकांना कुस्तीचं भारी वेड. जवानीत स्वतः लढायचे. आता गुडघे गेले, जत्रेतल्या कुस्त्यांना, म्हणजे हगाम्याला, जाता येत नाही. आणि तात्या उन्हातान्हात गावोगावच्या हगाम्याला का जातात, हे कोडं मला त्या दिवशी उलगडलं. ते मोबाईलवर कुस्त्यांचे व्हिडिओ घ्यायचे आणि घरी येऊन त्या खात्यात नेऊन ठेवायचे.

"यांना कुस्तीतलं काय बी कळत न्हाई," काकू म्हणाल्या.

"पेनड्राइव्हवर घेऊ सगळं, आणि हे खातं काढू," मी सुचवलं.

तात्या पडद्याकडे बघत बसले. "एकदा काढलाय त्याला घरातनं," म्हणाले. "पुन्हा न्हाई काढायचा." मग खुर्चीतून उठले. "माझं काढ."

मी त्यांचे फोटो, नकाशे पेनड्राइव्हवर घेतले, सगळे अधिकार मनीषाच्या खात्याला दिले आणि तात्यांचं खातं काढून टाकलं. दुधाचा प्रोग्राम ऐसपैस बसला.

त्यानंतर तात्या बिनजमिनीचे झाले. पंचांग बघायचं म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, की काकू म्हणायच्या, "थांबा जरा. हद्द कायम पाहिजे." आणि खुशाल भांडी घासत बसायच्या.

मला काही गप्प बसवेना. रविवारी स्कूटी काढून मळ्यात गेले. रंगनाथकाका कांदा निवडत होते. सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"माझ्यासाठी सोताचं काढलं त्यानं?" हातातला कांदा खाली ठेवून त्यांनी विचारलं.

"हो."

"पासवर्ड काय हाय?"

"तो तात्यांनाच ठाऊक."

काकांनी टाकीवर हात धुतले, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि माझ्या गाडीवर मागे बसले.

तात्या ओसरीवरच्या कॉम्प्युटरसमोर रिकामे बसले होते. काका पायरीखालीच थांबले.

"येऊ का आत?" त्यांनी विचारलं.

तात्या खुर्चीतून उठून उभे राहिले. आतून काकूच म्हणाल्या, "या."