काशीला निघालेले नरहरपंत

जगातल्या कुठल्याही गावाचं नाव काढा, तिथे का जाऊ नये हे नरहरपंत तुम्हाला उभ्या उभ्या सांगत. बसायला मिळालं तर शेजारच्या दोन गावांचंही सांगत.

नरहरपंत लिमये आमचे शेजारी. लोणावळ्याच्या स्टेशनावर मालधक्क्याचे बाबू. मी शाळेत मास्तर. आमच्या दोन बिऱ्हाडांच्या मध्ये नावापुरती एक कुडाची भिंत होती. त्यामुळे त्यांच्या घरी जे जे ठरे ते मला ऐकू येई, आणि सात वर्षं कान देऊनही मला काही ठरलेलं ऐकू आलं नव्हतं.

प्रश्न सुटीचा होता. आता लोणावळ्यात राहणाऱ्याला सुटीची पंचाईत काय असते, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मे महिना लागला की मुंबईचे शेठ स्वयंपाकी, गाद्या आणि आजारी आत्या घेऊन आमच्याकडे हवा खायला येत. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी मला दर वर्षी विचारी, "मास्तर, तुम्ही लोक सुटीला कुठे जाता?" मी "ठरतंय" म्हणून वेळ मारून नेई. ज्या गावाला सगळे सुटीला येतात, त्या गावाने सुटीला जायचं कुठे? मग ज्याला त्याला आठवण व्हायची ती नरहरपंतांची. कारण पंतांना रेल्वेचा पास होता.

वर्षातून एकदा, बायकोसह, फुकट. हिंदुस्थानात जिथवर रूळ गेले आहेत तिथवर. पंतांच्या घरी रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक होतं, ते त्यांना तोंडपाठ होतं. मनमाडला गाडी किती थांबते, इटारसीला पाणी कुठल्या बाजूला मिळतं, सगळं सांगत. ऐकणाऱ्याला वाटे, हा माणूस काल रात्रीच तिकडून आला. प्रत्यक्षात पंत वरच्या बाजूला कल्याण आणि खालच्या बाजूला पुणं यांच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

तरी सल्ल्याला माणसं येतच. माझंच सांगतो. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात बायकोला महाबळेश्वरला न्यावं असं माझ्या मनात आलं. पंतांनी शांतपणे तपकीर ओढली.

"ठिकाण उत्तम," ते म्हणाले. "पण विचार करा. वाठारला उतरायचं, मोटारीत कोंबून घ्यायचं, घाटात दोनदा ओकायचं, आणि वर जाऊन बघायचं काय? धुकं. खिडकी उघडा मास्तर, दारात आहे."

मी म्हटलं, मग कोकणात जावं. समुद्र तरी दिसेल.

"समुद्र उत्तम. पण एकदा बघितला की झालं. दुसऱ्या दिवशी काय तो वेगळा असतो?"

नागपूर? तर मालधक्क्यावर नागपूरच्या संत्र्यांच्या पेट्या येत, त्यांचे खिळे पंतांना पसंत नव्हते. "ज्या गावाला पेटीला चार खिळे सरळ मारता येत नाहीत, तिथे आपण मुक्काम काय करायचा?" प्रत्येक गावाची पारख ते असल्या पेट्यांवरून, पोत्यांच्या शिवणीवरून आणि बरण्यांच्या बुचांवरून करत. त्या परीक्षेत अजून एकही गाव पास झालं नव्हतं.

शेवटी मी बायकोला घेऊन तळेगावला सासुरवाडीला गेलो. एकटा मीच नव्हे, निम्मं लोणावळं पंतांच्या सल्ल्याने सुटीला घरीच बसलेलं होतं.

या सगळ्यात हरवल्या होत्या त्या काकू. काकू म्हणजे पंतांच्या पत्नी. ठेंगणी, सावळी, कमी बोलणारी बाई. पण बोलली की पंतांची तपकिरीची चिमूट हातातच राही. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकूंना महाबळेश्वर नको होतं, म्हैसूर नको होतं. त्यांना एकदा गंगा बघायची होती. त्यांची आई गंगा बघायची म्हणता म्हणता गेली होती आणि काकूंनी ते मनावर घेतलं होतं. दर वर्षी संक्रांत झाली की त्या विषय काढत.

"काशी उत्तम," पंत म्हणत. "पण विचार कर. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू कायमची सोडावी लागते. मला आयुष्यात तीनच वस्तू आवडतात. चहा, वांग्याचं भरीत आणि तपकीर. यातलं काय सोडू?"

"तपकीर सोडा," काकू म्हणत. "मग मला काशीलाही जायला नको."

हसून विषय बाजूला पडे आणि पास पुढच्या वर्षावर जाई. भिंतीपलीकडे मीही हसत असे. आता वाटतं, त्यातलं निम्मं हसणं चुकीचं होतं.

मग ते वर्ष आलं. जूनअखेर पंत पेन्शनीत निघायचे होते. नोकरी संपली की पासही संपला, आणि पदरच्या पैशाने काशी काही पंतांना झेपणारी नव्हती. संक्रांतीला काकूंनी तिळगूळ हातावर ठेवता ठेवता सांगितलं, "या वर्षी नाही झालं तर पुन्हा विषय काढणार नाही. आईसारखी मीही न बघताच जाईन." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. पण त्या दिवशी पंतांनी "पण विचार कर" म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पासाचा अर्ज भरला. कल्याणला गर्दी फार, म्हणून पुणं, दौंड, मनमाड अशा वाटेने.

मेच्या पहिल्या आठवड्यात ती दोघं निघाली तेव्हा अख्खी आळी स्टेशनावर लोटली. कोणी दशम्या दिल्या, कोणी लाडू. आठ घरांनी गंगेचे गडू आणायला सांगितले. पंत नवी टोपी घालून डब्याच्या दारात उभे होते आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाला सल्ला देत नव्हते. आम्हाला वाटलं, जबाबदारीने गंभीर झाले असतील. विजेचं इंजिन तेव्हा आमच्याकडे नवं होतं. गाडी वाफेचा आवाज न करता निघून गेली आणि आम्ही हात जोडले.

आठ दिवसांनी आमच्या शाळेच्या शिपायाच्या मुलीचं लग्न होतं, टाकव्याला. मी कामशेतला उतरून उन्हातान्हात चालत गेलो. मांडवात शिरलो आणि समोर पाहतो तर घोंगडीवर, आठ-दहा पागोट्यांच्या मधोमध, नवी टोपी घातलेले नरहरपंत!

नवरानवरीला जेजुरीला न्यायचा बेत चालला होता.

"जेजुरी उत्तम," पंत सांगत होते. "पण विचार करा. पायऱ्या किती आहेत!"

"अवो बाबू," एक म्हातारा म्हणाला, "पायऱ्या हायती म्हनून तर नवरीला उचलून न्ह्यायची अस्ती. सपाटीला कोन उचलतंय?"

मांडवात हशा पिकला. पंतही हसायला लागले आणि हसता हसता त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांचा चेहरा असा झाला की गृहपाठ न केलेल्या वर्गाची मला आठवण झाली.

गावातले गेनूआबा, जे दर वर्षी भाताची पोती मालधक्क्यावर आणत आणि पंतांशी शिवणीवरून भांडत, त्यांनीच मला सगळं सांगून टाकलं. "मास्तर, बाबू आन् वैनी आमच्याकडं आट दिस झालं आल्यात. काशीला निगालते म्हनं. वैनींचं डोस्कं दुखाय लागलं म्हनून कामशेतला उतरलं. म्या ठेसनावरच व्हतो, म्हनलं, काशी काय कुटं पळून जाती व्हय? ऱ्हावा की हितं. तवापास्नं वैनी लय शिकत्यात. सकाळ-सांज पाटी सोडत न्हाईत."

पाटी? मी पंतांकडे पाहिलं. ते उठले आणि मला मांडवाबाहेर, आंब्याखाली घेऊन गेले.

"मास्तर, आळीत सांगू नका," ते म्हणाले. मग टोपी काढून हातात फिरवत राहिले. "गाडी मळवलीहून सुटली आणि माझ्या मनात आलं, तिकडे मला काही झालं तर? माझं ठीक आहे हो. काशीत मेलो तर सरळ मोक्ष. पण हिला परत कोण आणणार? हिला अक्षरओळख नाही. मोगलसराईला गाडी बदलायची असते. जबलपूरला उतरली तर तिथेच राहील. आम्हाला मागेपुढे कोणी नाही, मास्तर. शोधायला कोण जाणार?"

सात वर्षं मी या माणसाला पेट्यांचे खिळे मोजणारा विक्षिप्त बाबू समजत होतो. प्रत्येक गावात काही ना काही खोट काढणाऱ्या त्या माणसाला प्रत्येक गावात आपली बायको एकटी उभी दिसत होती. मला माझीच लाज वाटली.

गेनूआबांच्या ओसरीवर काकू खरंच पाटी घेऊन बसल्या होत्या. मला पाहून त्या जराही गडबडल्या नाहीत.

"या मास्तर. बरं झालं आलात. हे शिकवतात कमी आणि रागावतात जास्त."

"तुमचं डोकं कसं आहे काकू?"

"माझ्या डोक्याला काय झालंय?" त्या हळूच म्हणाल्या. पंत पाणी प्यायला आत गेले होते. "यांचे हात गार पडले होते. घाम फुटला होता. आता यांनी कसं म्हणायचं की उतरू या म्हणून? मग मीच म्हटलं, माझं डोकं दुखतंय."

पंत बाहेर आले आणि आल्या आल्या त्यांनी मला कामाला लावलं. "आता मास्तर आलेच आहेत तर परीक्षा होऊन जाऊ द्या. मी घेतली तर तुम्ही म्हणाल घरचा परीक्षक."

पासाची मुदत अजून होती. रजाही होती. काकू पास झाल्या तर निघायचं आणि नापास झाल्या तर लोणावळं, हे न बोलताच तिघांनाही कळलं होतं. मी पाटीवर स्टेशनांची नावं उलटसुलट लिहिली. काकूंनी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. भुसावळ आलं. दौंड आलं. प्रयागापाशी त्या अडल्या. तेव्हा पंतांनी खांबाआडून इतक्या मोठ्याने कॉपी पुरवली की गोठ्यातल्या बैलाने मान वर केली.

"पंत, बाहेर काढीन," मी म्हटलं.

काकूंनी प्रयाग पुन्हा, स्वतःचं स्वतः वाचलं. मग जबलपूर वाचलं. मोगलसराई वाचायला बराच वेळ लागला, पण शेवटपर्यंत गेल्या. घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पास."

पंतांना आनंद झाला आणि धडकीही भरली. दोन्ही एकदम त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी पाटी हातात घेतली, गळा साफ केला आणि शेवटचा प्रश्न स्वतःच विचारला.

"हे झालं जातानाचं. आता येताना. समज, मी बरोबर नाही. तू एकटी आहेस. गाडी पुण्याहून निघाली. कुठे उतरशील?"

उत्तर सोपं होतं. काकू मात्र पदराची गाठ सोडत आणि बांधत बसल्या.

"अगं, लोणावळं!" पंत कळवळून म्हणाले. "एवढंही..."

"तुम्ही नसाल," काकू म्हणाल्या, "तर मी लोणावळ्याला उतरून काय करू?"

मांडवात वाजंत्री वाजत होती. इतक्या वर्षांत पंतांचा सगळ्या गाड्यांचा आणि सगळ्या स्टेशनांचा विचार करून झाला होता, एवढा एक झाला नव्हता. त्यांनी पाटी काकूंच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "उद्या सकाळी निघू."

मी त्या रात्री टाकव्यालाच राहिलो. सकाळी गेनूआबांनी बैलगाडीने आम्हाला कामशेतला सोडलं. पुण्याकडची गाडी आली. मी सामान आत ठेवलं. काकू खिडकीपाशी बसल्या.

त्या काळी चारचौघांत बायकोच्या शेजारी बसायची रीत नव्हती. नवरा समोरच्या बाकावर बसे, नाही तर दारापाशी. समोरचा बाक रिकामा होता. पंतांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि ते काकूंच्या शेजारी जाऊन बसले, अगदी खांद्याला खांदा लावून. डब्यातल्या दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पंतांना ते दिसलं, पण गाडी हलली तरी ते तिथून उठले नाहीत.