बंड्याचा दहावा

समाज किती पुढे गेला आहे हे त्याला कोणाचं वाईट वाटतं यावरून ओळखावं, असं पुण्यातल्या जाणत्या लोकांचं मत आहे. या कसोटीवर हडपसरजवळच्या मांजरी गावातली ‘इक्षुदंड हाइट्स’ ही सोसायटी फारच पुढे गेलेली निघेल. इथे पूर्वी ऊस होता. (ज्या गोष्टीचा नायनाट करून इमारत बांधली तिचंच नाव इमारतीला द्यायचं, ही बिल्डर मंडळींची खेद व्यक्त करण्याची पद्धत आहे.)

सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर विक्रम राहतो. ऊस त्याच्या वडिलांचा, म्हणजे बजरंगरावांचा होता. बजरंगराव आजही बाल्कनीत उभे राहून खालच्या पार्किंगकडे शेताकडे बघावं तसं बघतात आणि पाण्याची पाळी चुकल्यासारखे अस्वस्थ होतात. विक्रमचं तसं नाही. तो दिवसा हडपसरच्या आयटी पार्कात नोकरी करतो आणि संध्याकाळी ‘नो मर्सी व्हॅली’ या गेममध्ये माणसं मारतो.

माणसं तो एकटा मारत नाही. त्याची टीम आहे, ‘पूर्व पुणे पलटण’. कॅप्टन विश्वजीत, त्याच्याच ऑफिसातला. तिसरी पूर्वा, जिचा नेम तिघांत चांगला आणि जीव तिघांत हळवा. अशा दोन गोष्टी एका माणसात आल्या की नियमावली जन्माला येते, आणि पूर्वाने ती टीमसाठी तयार केलीच होती. गेममध्ये जीव घेताना खेळाडूला काय आणि किती वाटलं पाहिजे, हे त्यात स्पष्ट केलेलं आहे.

लांडगा मारण्याआधी ‘सॉरी’ म्हणावं. रानडुक्कर अंगावर आल्यास मारावं, पण आनंद व्यक्त करू नये. घोडा मेल्यास त्या दिवसाचा खेळ तिथेच थांबवावा. कोंबडीला हसलं तरी चालतं. मासा खेदाच्या कक्षेत येत नाही (त्याच्या डोळ्यांत पाहिलं असेल तर येतो). कोळी मेल्यास अभिनंदन करावं. मांजराबाबत सभासदांत मतभेद असल्याने विषय पुढील सभेपर्यंत तहकूब आहे. कुत्रा मात्र सर्वांत वर. कुत्र्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये, आणि लागलाच तर ज्याच्या हातून लागला त्याने टीमला पटेल इतकं दुःख करावं, न केल्यास टीम सोडावी.

माणसांबद्दल नियमावलीत काही नाही. ती आपोआप मरतात.

या बाबतीत पलटण एकटी नाही. विश्वजीतने ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पाहणी केली होती. शंभरातल्या ब्याण्णव खेळाडूंना गेममधलं कुत्रं मेल्यावर जेवण गेलं नाही, असं त्यांनी जेवता जेवता सांगितलं. उरलेल्या आठांना प्रश्न ऐकू आला नव्हता, कारण ते खेळत होते.

तर शनिवारी सकाळी, म्हणजे हडपसरच्या मॉलमध्ये होणाऱ्या या गेमच्या फायनलच्या आदल्या दिवशी, सराव चालू असताना विक्रमच्या हातून ते घडलं. व्हॅलीत एक पिठाची गिरणी आहे. शत्रूचे पहारेकरी आत होते. विक्रमने खिडकीतून हातबॉम्ब टाकला आणि नेम असा बसला की पहारेकरी सगळे गेले, गिरणीवाला गेला, चुलीपाशी उभा असलेला म्हातारा स्वयंपाकी गेला. विश्वजीत हेडफोनमध्ये ओरडला, “एक नंबर, भावा!” पूर्वाने टाळ्या वाजवल्या. मग धूर विरला आणि पिठाच्या पोत्यामागे एक तांबूस शेपटी दिसली.

पूर्वाच्या टाळ्या थांबल्या. ती म्हणाली, “विक्रम, तो भुंकला होता. मी ऐकलं.”

“मला दिसलाच नाही गं.”

“दिसला नाही म्हणतोयस. वाईट वाटलं असं म्हणाला नाहीस.”

विश्वजीतने कॅप्टनच्या आवाजात सांगितलं की भावनेचा प्रश्न आहे, यात मैत्री आणता येणार नाही, आणि उद्याच्या फायनलला त्याचा एक चुलतभाऊ तसाही मोकळाच आहे.

या फायनलसाठी विक्रमने सहा महिने बोटं घासली होती. ऑफिसात विश्वजीत सोडला तर त्याला कोणी ओळखत नव्हतं, सोसायटीत तो ‘बजरंगरावांचा’ म्हणून ओळखला जायचा, आणि जिथे लोक त्याला त्याच्या नावाने हाक मारायचे अशी व्हॅली ही एकच जागा होती. ती हातची जाणार होती, आणि तीही एका अशा कुत्र्यापायी ज्याला नावसुद्धा नव्हतं. (नाव लगेच ठेवण्यात आलं. बंड्या. मरणोत्तर असलं तरी ते सर्वानुमते होतं.)

त्याची खरी अडचण वेगळीच होती. त्याला वाईट वाटत होतं, आणि मनापासून वाटत होतं, पण ते बंड्याचं नव्हे. बॉम्ब पडायच्या जरा आधी तो म्हातारा स्वयंपाकी पळीने ढवळत स्वतःशीच म्हणाला होता, “आज सूप बरं झालंय.” ते विक्रमच्या कानात बसलं होतं. कोणीतरी चाखून तरी बघायला हवं होतं, असं त्याला राहून राहून वाटत होतं. त्याने एकदा चाचरत विचारलंही, “त्या स्वयंपाक्याचं काय?” त्यावर विश्वजीतने “कोण स्वयंपाकी?” असं विचारलं, तेव्हा त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

दुःख पटेल इतकं करायचं तर ते रीतसर करावं, म्हणजे दहावा घालावा, ही कल्पना पूर्वाची. फायनल दुसऱ्याच दिवशी असल्याने दहावा दिवस गाठायचा कसा हा पेच होता. तो विश्वजीतने सोडवला. व्हॅलीत सूर्य वीस-पंचवीस मिनिटांत उगवून मावळतो, तेव्हा बंड्याचा दहावा दिवस त्याच दुपारी येत होता. शास्त्राला यात हरकत दिसली नाही. (शास्त्राला विचारलं नव्हतं.)

दुपारी तिघं विक्रमच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीसमोर पांढरे टीशर्ट घालून बसली. बजरंगरावही सोफ्याच्या टोकाला येऊन टेकले. दहाव्याचं जेवण, म्हणजे वडे, खीर आणि भात, हडपसरच्या एका खानावळीतून मागवलं होतं. सोसायटीत पार्सलवाल्या मुलांना लिफ्ट बंद आहे आणि वॉचमनला ती हातात पार्सल असेल तरच चालू आहे. त्यामुळे जेवण गेटवर उतरलं आणि ते घेऊन वॉचमन उत्तरेश्वर लिफ्टने निघाले. उत्तरेश्वर धाराशिवकडचे, वयाने बजरंगरावांच्या जवळपास. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी थांबली आणि थोड्याच वेळात तिच्यातली घंटा वाजू लागली. (ही लिफ्ट अधूनमधून अशी थांबते. त्याचं पुढे बघू.)

“ह्या गेमात देऊळबी हाय का?” बजरंगरावांनी विचारलं.

“लिफ्टची घंटा वाटतेय,” विक्रम म्हणाला आणि अर्धा उठला.

“विक्रम,” पूर्वा शांतपणे म्हणाली, “आज तरी लक्ष दे.”

विक्रम बसला. उद्याची फायनल त्याला फार हवी होती.

विधीला सुरुवात झाली. तिघांची पात्रं गिरणीसमोर अर्धवर्तुळात उभी राहिली, मशीनगन पाठीला लावून. विश्वजीतने बंड्याच्या आयुष्याचा आढावा घेतला. बंड्या कोणाच्या अध्यात नव्हता की मध्यात. तो निष्ठावान होता, स्वच्छ होता, आणि ज्या गिरणीत राहिला तिथे कधी तोंड घालताना कोणी पाहिला नाही. (कोणी पाहिलाच नव्हता.) पूर्वाचे डोळे भरून आले. बाहेर घंटा वाजत होती आणि प्रसंगाला ती अगदी शोभत होती, हे कोणालाही मान्य करावं लागेल.

मग गिरणीच्या पायरीवर पावाचा तुकडा ठेवला. व्हॅलीत कावळे भरपूर आहेत. ते झाडावर बसून राहिले.

“शिवना व्हय?” बजरंगराव पुढे सरकले. त्यांनी आयुष्यात पुष्कळ दहावे पाहिले होते आणि इतका वेळ जे समजत नव्हतं ते आता समजू लागलं होतं. “काय तरी इच्छा ऱ्हायली आसंल त्येची. इचारा.”

इच्छा विचारण्यात आल्या. बंड्याला हाडूक देऊ, असं विश्वजीतने वचन दिलं. कावळा हलला नाही. गिरणीची डागडुजी करू. नाही. इथून पुढे हातबॉम्ब टाकण्याआधी शिट्टी वाजवू, असं पूर्वा म्हणाली. एक कावळा जरा मान वळवता झाला, पण त्याने फक्त पंख खाजवला.

“तुझं वचन बाकी आहे,” विश्वजीत विक्रमला म्हणाला. “आणि मनापासून दे. आमचं लक्ष आहे.”

विक्रमने डोळे मिटले. शेपटी आठवून पाहिली. काही होईना. मग नको नको म्हणत असताना तो म्हातारा आठवला, त्याची पळी आठवली, चाखायचं राहून गेलेलं सूप आठवलं, आणि विक्रमला एकदम भडभडून आलं. तो ओंजळीत तोंड घालून रडला. “कोणीतरी बघायला हवं होतं,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

पूर्वाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “बंड्या ऐकतोय,” ती म्हणाली. विश्वजीतने चुलतभावाला ‘नको येऊ’ असा मेसेज टाकला.

कावळा तरीही शिवला नाही. “दर्भाचा करा,” बजरंगरावांनी निकाल दिला. “आमच्याकडं दर्भाचा कावळा करून शिवत्यात. येळ जातो नुस्ता.” दर्भ व्हॅलीत मिळत नव्हता, पण पूर्वाकडे मागच्या स्पर्धेत मिळालेला कावळ्याचा मुखवटा होता. तिच्या पात्राने तो चढवला, पायरीपर्यंत उड्या मारत गेलं, पावाला चोच लावली आणि ‘काव’ म्हणालं. बजरंगरावांनी हात जोडले. एवढा सुटसुटीत दहावा त्यांनी घाटावर कधी पाहिला नव्हता.

शेवटी दोन मिनिटं स्तब्धता पाळण्यात आली. नेमकी तेव्हाच बाहेरची घंटाही थांबली, आणि स्तब्धतेला वेगळीच उंची आली.

मग सगळ्यांना भूक लागली.

“पार्सल कुठाय?” विश्वजीत घड्याळ बघत म्हणाला. “या लोकांना जबाबदारी म्हणून नसते.”

विक्रम बाहेर गेला. लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली नाही. खालून, जाळीच्या पलीकडून, दमलेला आवाज आला. “आवो, कुनी हाय का? न्हाई म्हंजे घाई न्हाई, पर कुनी हाय का?”

विक्रम जिन्याने धावत सुटला, किल्लीसाठी खाली गेला, किल्ली कोणाकडे असते हे कोणालाच ठाऊक नव्हतं म्हणून पुन्हा वर आला, आणि शेवटी हडपसरहून लिफ्टवाला येऊन दार उघडेपर्यंत जाळीला तोंड लावून “काका, मी आहे, आहे मी,” असं म्हणत उभा राहिला.

दार उघडलं. उत्तरेश्वर जमिनीवर मांडी घालून बसले होते. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. शेजारी पार्सल उघडलेलं होतं. खीर संपली होती, भात संपला होता, वडे जवळपास संपले होते.

“माफ करा सायेब, चक्कर याया लागली म्हून खाल्लं,” ते म्हणाले. “पर पावतीवर दहाव्याचं जेवन लिवलंय, तवा येक वडा कावळ्याला ठिवलाय.” त्यांनी कागदात नीट गुंडाळलेला वडा पुढे केला, टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, “कोन गेलं?”

विश्वजीत आणि पूर्वाने विक्रमकडे पाहिलं. विक्रमने लिफ्टच्या छताकडे पाहिलं. बजरंगरावच शेवटी म्हणाले, “टीवीतलं कुत्रं.”

उत्तरेश्वरांनी टोपी पुन्हा घातली. “चांगलं आसंल,” ते म्हणाले आणि जिन्याने खाली गेले.

वडा बाल्कनीत ठेवला, तर खरा कावळा टेकता क्षणी तो घेऊन गेला. त्याला काही विचारावं लागलं नाही.

सोसायटीने या घटनेची गंभीर दखल घेतली. रविवारी सकाळीच तातडीची सभा झाली आणि लिफ्टमधल्या घंटेचा रहिवाशांना त्रास होत असल्याने तिचा आवाज कमी करण्याचा ठराव मंजूर झाला. विरोधात एक मत पडलं, ते विक्रमचं. उत्तरेश्वर आता सगळी पार्सलं जिन्याने आणतात आणि चौथ्या मजल्यावर विक्रम त्यांना आधी पाणी देतो, मग पार्सल घेतो.

रविवारी दुपारी हडपसरच्या मॉलमध्ये फायनल झाली. गेम नव्याने सुरू झाला की व्हॅलीत सगळं पूर्ववत होतं, त्यामुळे गिरणी शाबूत होती, आणि पोत्यामागे तांबूस शेपटी हलत होती. पूर्वाने शिट्टी वाजवली. बंड्या बाहेर आला, उन्हात लोळला आणि टेकडीकडे पळून गेला. प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. विक्रमने हेडफोनचा माईक बंद केला, गिरणीच्या खिडकीशी जाऊन आतल्या कोणाला तरी “सॉरी काका,” म्हटलं, क्षणभर थांबला, आणि मग कप जिंकायचा होता म्हणून हातबॉम्ब टाकला. पलटण जिंकली.

तर बंड्या सुखरूप आहे. हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं, ते आम्हाला इथून दिसतंय. घंटा वाजत होती तेव्हाही तुम्ही कावळ्याकडेच बघत होतात, म्हणून बंड्याची खुशाली मुद्दाम कळवली. सूप त्याही दिवशी बरं झालं होतं, पण ते तुम्ही कुठे विचारलंत.