कोरुळाचा चिवट आंबा

ज्या माणसाने कुवेतमध्ये बावीस वर्षं एसी दुरुस्त केले, त्याने गावी परतल्यावर झाडांच्या वाटेला जाऊ नये. कोरुळा गेला. तेही केरळातल्या कुट्टनाडात, बायकोच्या गावात, जिथे अंगण संपलं की कालवाच लागतो. (स्वतः तो डोंगरातला, वेलदोड्याच्या मळ्यांतला, पण कालव्याकाठचं आपल्याला सगळं कळतं, असं त्याने लग्नातच ठरवून टाकलं होतं.)

नर्सरीतून त्याने दोन रोपं आणली. एक कलमी आंबा, एक शोभेचं. पुरात दोघांच्या चिठ्ठ्या वाहून गेल्या आणि एक रोप मेलं.

"शोभेचं गेलं बिचारं," कोरुळाने निदान केलं. "आंबा मात्र चिवट निघाला."

कोरुळा रोज सकाळी त्याच्या खतपाण्यात गुंतू लागला. चार वर्षांत चिवट आंबा छपराला टेकला आणि पांढऱ्या, घमघमणाऱ्या फुलांनी डवरला.

"अहो, आंब्याला असली फुलं येतात होय?" एलियाम्माने विचारलं. "हे तर..."

"कलम आहे ते, एली. कलमात काहीही येतं."

फुलांमागून हिरवीगार फळं आली. देठ मोडला की पांढराशुभ्र चीक! आता कोवळ्या कैऱ्यांचं मिठातलं लोणचं टिकतं ते चिकाच्याच जोरावर, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोरुळाने बाह्या सरसावल्या, अर्धा दिवस स्वयंपाकघराची रणभूमी केली, बरणी भरून तोंडाला फडकं बांधलं. महिन्याने फडकं सोडलं आणि तेव्हापासून रोज पेजेबरोबर दोन फोडी खाऊन तो स्वतःची पाठ थोपटू लागला.

अशात त्यांच्या लेकीला, जिन्सीला, बघायला पाहुणे आले. आधीच्या चार स्थळांना नाक मुरडणारी ही पोरगी पाचव्याशी व्हरांड्यात चक्क खिदळत होती! मुलाचे वडील चांडीसाहेब, पलीकडच्याच बेटावरचे. भात-मासळीबरोबर त्यांनी लोणचं तीनदा मागून घेतलं.

"लोणचं कुणाच्या हातचं?"

"माझ्या!" कोरुळा फुगला. "चला, झाडच दाखवतो."

झाडाखाली चांडीसाहेबांची दात कोरणारी काडी हवेतच थांबली.

"हे?"

"हेच."

"याच्या कैऱ्या?"

"याच्याच. स्वतः तोडल्या."

"अहो, ओतळम आहे हे, जहर! आमच्याकडे याच्या बिया उंदरांनाही घालत नाहीत, उंदरांची दया येते म्हणून!"

एवढं बोलून चांडीसाहेब कालव्याच्या पायरीवर बसले. नवरा बसलेला पाहून त्यांच्या बायकोने मेरीमातेची माळ काढली. इस्पितळ होडीने तासभर. पाहुण्यांच्या पोटात तीनदा वाढलेलं, आपल्या पोटात महिनाभराचं, आणि व्हरांड्यात जिन्सी अजून हसतेय! कोरुळा आत धावला.

"एली! मी सोयरे मारले!"

एलियाम्मा कॉफी ओतत होती. "किती?"

"सगळे! लोणचं... ते झाड... ओतळम..."

"ते होय!" तिने साखर घातली. "तुमच्या कैऱ्या त्याच संध्याकाळी पुरल्या. बरणीसकट. तुम्ही खाताय ते आमच्या अम्मच्चीच्या, माझ्या आईच्या, आंब्याचं."

उन्हाळ्यात बंद पडलेला एसी अचानक सुरू व्हावा, तसा कोरुळाच्या छातीत गार वारा शिरला.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते. तुम्ही म्हणालात, कलम आहे."

बाहेर खुलासा होताच चांडीसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग चौथ्यांदा लोणचं मागवून त्यांनी एकच अट घातली: "मुलगी स्वयंपाक आईकडून शिकली असेल, तर आमच्याकडून ठरलं."

पाहुण्यांची होडी वळणाआड गेली, तसा कोरुळा कुऱ्हाड घेऊन निघाला.

"राहू दे ते झाड," मागून एलियाम्मा म्हणाली.

"अगं, विषारी आहे!"

"असू दे. फळं मी रोज वेचून पुरत जाईन."

"पण ठेवायचं कशाला?"

"ते लावल्यापासून," कपबशा गोळा करत ती म्हणाली, "तुम्ही रोज सकाळचे दोन तास स्वयंपाकघराबाहेर असता."