उखापासून जिवाला धोका

धुळ्यात मे महिन्यात काळा लोकरी कोट घालणारा एकच माणूस होता. आतली वस्तू कोणाला दिसू नये म्हणून तो कोट होता. परिणाम असा झाला होता की, सुपडू नाना देवपुरातल्या घरातून निघाले की रस्त्यावरचं लहान पोरसुद्धा सांगे, "नाना चालले. खिशात पिस्तूल आहे."

मी कॉलेजात असताना दोन वर्षं नानांच्या ओसरीलगतच्या खोलीत राहिलो. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. शहरात कोणाला काय विचारावं आणि काय विचारू नये, हे मला तेव्हा कळत नसे. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "नाना, तुम्हाला उकडत नाही का?"

नानांनी बाहेर पाहिलं, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "उकाडा सोसता येतो. गोळी सोसता येत नाही."

ते पिस्तूल त्यांनी सत्तेचाळीस साली, मायदेशी परत निघालेल्या भुसावळच्या एका गोऱ्या रेल्वे अधिकाऱ्याकडून परवाना काढून रीतसर घेतलं होतं. तळहातात मावेल एवढं, आखूड नळीचं. नळीपासून सांगाड्यापर्यंत सगळं पोलादी. त्याचा नानांना फार अभिमान. कोणी नुसता विषय काढला तरी कोटावरून हात फिरवून म्हणत, "पोलाद शे भाऊ, पत्रा नही." मात्र पोलादाला वजन असतं. कोट उजवीकडे ओढला जाई आणि नाना एका अंगाने चालल्यासारखे दिसत. शिंप्याने डावीकडे तसाच एक आतला खिसा शिवून दिला. नाना त्यात वाण्याकडचं अच्छेराचं, म्हणजे अर्ध्या शेराचं, लोखंडी माप टाकून फिरू लागले. मग पोरं म्हणू लागली, "एका खिशात पिस्तूल आहे, दुसऱ्यात माप आहे."

दाराकडे पाठ करून ते कुठेही बसत नसत. न्हाव्याच्या दुकानातही नाही. ते खुर्ची रस्त्याकडे फिरवून घेत. आरसा पाठीमागे जाई. न्हावी रडकुंडीला येऊन म्हणे, "नाना, उजेड उलटा येतो." नाना म्हणत, "उजेड उलटा येऊ दे. माणूस सुलटा आला पाहिजे." त्यामुळे त्यांच्या उजव्या कानाखाली दाढीचा एक पट्टा कायम राहिलेला असे.

जेवणाचं तर विचारूच नका. लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी वाढलेली असायची. सगळे जण बट्टी कुस्करून, तुपात भिजवून हाताने ओरपत असायचे. नाना भिंतीला पाठ लावून, शेवटच्या पाटावर, चमच्याने बट्टी खात. चमच्याखालून बट्टी घरंगळून शेजारच्याच्या पत्रावळीत जाई. एकदा वधूच्या आजीने टोकलं, "काय रे सुपडू, साहेब झालास का?"

"नाही अक्का. पण उजवा हात खरकटा असताना उखा आला तर?"

उखा म्हणजे नानांचा सख्खा धाकटा भाऊ. नानींना जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात बोलण्यात जे काही माणूस असे ते म्हणजे उखा. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं. त्यात ज्वारीच्या खळ्यावर चार माणसांसमोर उखा म्हणाला, "तुला जिवंत सोडणार नाही." नानांनी गाव सोडलं, धुळ्याला घर केलं आणि परवान्याच्या अर्जात कारण लिहिलं, 'सख्ख्या भावापासून जिवाला धोका'. उखाही नंतर जमीन विकून अमळनेरला तेलाच्या गिरणीत लागला. तेव्हापासून अमळनेरची एस.टी. यायची वेळ झाली की नाना ओसरीवर तयार बसत. गाडी येऊन गेली, उखा आला नाही, की म्हणत, "आज नाही आला. उद्याच्या गाडीने येईल." अशी अकरा वर्षं गेली. पिस्तुलातून एक गोळी सुटली नव्हती. मी एकदा भीतभीत विचारलं, "नाना, ते चालतं का?" नाना रागावून दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

परवाना दरवर्षी नवा करून घ्यावा लागे. पिस्तूल आणि पाच काडतुसं घेऊन कचेरीत जायचं, दाखवायची, शिक्का घ्यायचा. त्या वर्षी टेबलावर नवा कारकून होता. नानांसोबत मी होतो. त्याने जुना अर्ज वाचला आणि वर पाहिलं.

"आजोबा, या भावाने शेवटचा हल्ला कधी केला?"

"अजून केला नाही."

"मग धोका कुठे आहे?"

"अजून केला नाही, हाच धोका आहे," नाना म्हणाले.

शेजारच्या टेबलावरचे हसले. कारकून हसला नाही. धोका अजून चालू असल्याचा पुरावा महिन्याभरात आणा, नाहीतर पिस्तूल जमा करा, असं त्याने सांगितलं. नाना बाहेर बाकावर बसले. मग म्हणाले, "पुरावा उखाजवळच आहे. तो तुझ्यासमोर एकदा बोलला की झालं. तू लिहून घे."

आपला जीव घेणार असल्याचा दाखला मागायला निघालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. पण मला नाही म्हणता येईना. मी वही घेतली आणि रविवारी आम्ही अमळनेरला गेलो.

गिरणीमागच्या खोल्यांमध्ये विचारत विचारत घर सापडलं. दारात उखाची सून तांदूळ निवडत होती. "कोन पाहिजे तुम्हले?" तिने विचारलं. नानांनी नाव सांगताच तिने डोक्यावर पदर घेतला आणि उभी राहिली.

"दोन वरीस व्हई गयं आबासले," ती म्हणाली. "डावं अंग बठ्ठं गयं. तुम्हले पत्र टाकनार व्हतूत. आबा बोलनात, नको, तो पिस्तूल लई येई."

उखा खाटेवर पडला होता. नानांपेक्षा लहान, पण दिसायला म्हातारा. त्याने नानांना बराच वेळ पाहिलं. तोंड एका बाजूनेच हललं. पिस्तूल आणलंस का, एवढंच त्याने विचारलं.

"लई उना का?"

"लई उनू," नाना म्हणाले.

"दखाड."

नानांनी पिस्तूल काढलं, त्यातली काडतुसं काढून घेतली आणि ते उखाच्या चांगल्या हातात दिलं. उखाने ते दोनदा वरखाली करून पाहिलं.

"जड शे."

"पोलाद शे."

मग नानांनी खाटेजवळ बसून विचारलं, "उखा, खळावर तू मले काय बोलना व्हता, चार मानसंसमोर?"

उखाने आठवून पाहिलं. त्याने खरंच प्रयत्न केला, मी समोर होतो.

"कव्हय?"

"आपलं भांडन व्हयनं, तव्हय. मले जित्ता सोडाव नही, आसं बोलना व्हता."

"मले नही याद, भाऊ," उखा म्हणाला. "बोलनू व्हसू."

न्हाव्याचा आरसा, पंगतीतला चमचा, मे महिन्यातला कोट, हे सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं. आणि ज्याने ते वाक्य उच्चारलं त्याच्यापाशी ते नव्हतंच. हे मला तिथे समजलं, असं मी म्हणणार नाही. मी तर वही उघडून म्हणालो, "नाना, पुराव्याचं विचारायचं ना?"

"ठेव ते," नाना म्हणाले.

सुनेने कूस बदलायला हात लावला तेव्हा नाना उठले आणि दुसऱ्या बाजूने त्यांनी उखाच्या पाठीखाली हात घातला. मग आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कागद घेऊन बसवलं. "लिही. अर्जदाराचा भाऊ उखा हा धडधाकट आहे. दोन्ही हातांत बळ आहे. रोज चार मैल चालतो. आवाज खणखणीत आहे."

माझा टाक थांबला. "नाना, हे खरं नाही."

"तुला कॉलेजात अक्षर चांगलं काढायला शिकवलं आहे ना? तेवढं काढ," नाना म्हणाले. "लिही. तो केव्हाही येऊ शकतो."

मी लिहिलं. तो अर्ज माझ्या अक्षरात कचेरीत गेला. त्यावर अमळनेरला पोलीस शिपाई चौकशीला जाऊन आला आणि महिन्याअखेरीस नानांना बोलावणं आलं. कारकुनाने हुकूम वाचून दाखवला. 'सदर इसम उखा हा पक्षाघाताने अंथरुणास खिळलेला असून त्याच्यापासून कोणासही धोका संभवत नाही. सबब परवाना रद्द करण्यात येत आहे.' खाली, मजकूर मान्य आहे, अशी सही करून पिस्तूल जमा करायचं होतं.

खोटा अर्ज लिहिला म्हणून आता मला काय होईल, या भीतीने मी दाराजवळच उभा राहिलो. नानांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. शेजारी पाच काडतुसं ओळीने मांडली. कारकुनाने टाक पुढे केला. नानांनी तो घेतला नाही.

"पिस्तूल दिलंत, मग सहीला काय झालं?"

"पिस्तूल सरकारच्या परवान्यावर होतं, ते सरकारने घ्यावं," नाना म्हणाले. "पण माझ्या भावापासून कोणाला धोकाच उरला नाही, हे मी माझ्या सहीने लिहून देणार नाही."

सगळी कचेरी मान वळवून पाहू लागली. कचेरीतला पट्टेवाला तोंडावर हात ठेवून हसला. कारकून आवाज थोडा खाली आणून म्हणाला, "आजोबा, शिपायाने स्वतः पाहिलं आहे. त्या माणसाला कूससुद्धा बदलता येत नाही."

"तुमचा शिपाई दुपारचा गेला असेल," नाना म्हणाले. "उखा दुपारी झोपतो. लहानपणापासून."