रडू राहिलं, अभिनंदन!

दुपारच्या शांततेत स्टीलच्या पेल्यात उभा ठेवलेला मोबाइल थरथरला आणि पेला फडताळावर खणाणला. कळसाडीच्या त्या घरात रेंज फक्त पेल्यातच येत असे. पाळण्यातलं दोन महिन्यांचं बाळ दचकलं, पण उठलं नाही. चारुलता उठली. 'मनमैत्रीण' आली होती.

बाळंतिणींच्या मनाची शासकीय पातळीवर दखल घेण्यात आली असल्याने ही मोबाइलमधली मैत्रीण रोज विचारी, "ताई, मन कसं आहे? मोकळेपणाने, आपल्या भाषेत बोला." उत्तर लाल, म्हणजे काळजीचं, निघालं तर समुपदेशक ताई स्वतः फोन करणार, असं गावच्या आशा कार्यकर्त्या मंगलाबाईंनी सांगितलं होतं. चारुलताला तो फोन हवा होता. बाळ रडलं की तिला वाटे, शेजारचं कुणाचं तरी रडतंय. हे सासूला सांगायची सोय नव्हती, आणि नवऱ्याला, हेमकांतला सांगितलं की तो उठून पंखा वाढवी.

ती पेल्यापाशी वाकून हळूच म्हणाली, "माले रडू ई ऱ्हायनं."

पडद्यावर अक्षरं उमटली : 'माझं रडू राहिलं.' खाली हिरवं फूल. "अभिनंदन, ताई!"

'ऱ्हायनं' म्हणजे चालू आहे, हे कळसाडीतल्या बकऱ्यांनाही कळतं. पण मैत्रीण शहरात शिकलेली; तिच्या लेखी रडू राहिलं म्हणजे थांबलं. दुसऱ्या दिवशी चारुलताने जोर लावला, "जीव घाबरी ऱ्हायना." 'जीव राहिला.' दोन फुलं.

"मंगलामाय, माले त्या ताईसंगे बोलनं शे," तिने मंगलाबाईंना गाठून सांगितलं.

"लाल व्हयनं तं ती बोलस, माय. तुन्हं तं कपाशीना वावरनामायक हिरवंगार शे!" मंगलाबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "आनि लाल करू बी नको व. एक लाल निंघनं का माले शहादाले मिटिंगले बलावतस."

घरात सासूबाई, जसोदाबाई, यांनाही पुरावा मिळाला. "मोबाइल सांगस, वहू खूश शे. मंग तोंड पाडीसनी काब्र बसस?"

उरला एकच मार्ग : शुद्ध मराठीत दुःखी होणं. त्यासाठी पहिलीतल्या दिपालीची, तिच्या थोरल्या लेकीची, शिकवणी लागली.

"आई, 'ई ऱ्हायनं' नही. 'येत आहे' म्हन. नही तं सर रागे भरतस."

भाकरी थापता थापता चारुलताने वाक्य घोटलं आणि पेल्यापाशी जाऊन सोडलं, "मला रडू येत आहे."

मैत्रीण म्हणाली, "ताई, हे पाठांतर वाटतं. कृपया मनातलं, आपल्या शब्दांत बोला."

चारुलताने मग आपल्या शब्दांत बोलणंच पत्करलं. रोज. फुलं साठत गेली, आणि एके दिवशी 'तालुक्याची प्रसन्न माता' म्हणून तिला शहाद्याच्या सभागृहात बोलावण्यात आलं. शाल, नारळ, तिच्याएवढाच तिचा फोटो. फोटोत ती हसत होती. तो लग्नातला होता. साहेब म्हणाले, "सकारात्मकता म्हणजे काय, हे ताईंकडून शिका. ताई, दोन शब्द."

माइकचं बोलणं मागच्या पडद्यावर आपोआप उमटत होतं. चारुलताने समोर पाहिलं. पहिल्या रांगेत मांडीवर पोरं घेतलेल्या बाया होत्या, सगळ्या आपल्याकडच्या. इथे तरी कळेल, असं तिला वाटलं.

"साहेब," ती म्हणाली, "मन्हा जीव जाई ऱ्हायना."

बायांचे चेहरे उतरले. एकीने पदर तोंडाला लावला.

पडद्यावर उमटलं : 'माझा जीव राहिला.'

साहेबांनी वाचलं, डोळे टिपले आणि टाळ्या वाजवल्या. मंगलाबाईंनी साहेबांकडे पाहून वाजवल्या. मग बायांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि त्यांनीही वाजवल्या.

परतीच्या जीपमध्ये बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. दिपाली नारळाची शेंडी ओढत होती. मग तिने विचारलं,

"आई, तुन्हा जीव जाई ऱ्हायना, तं बठ्ठासनी टाळ्या काब्र वाजाड्यात?"