कंसाबाहेर गेलेली कॉमेंट

कपडे वाळत घालायच्या आधी एवढी एक बारीकशी दुरुस्ती उरकून टाकू, असं कंसरावांनी ठरवलं आणि तिथूनच सगळं बिनसत गेलं. (कपडे मशीनमध्येच राहिले आणि नंतर पुन्हा धुवावे लागले. पण ती रड वेगळी.)

कंसराव हे नाव त्यांच्या मेव्हणीने ठेवलेलं. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात ते एका प्रोग्रामची देखभाल करत. कुणीही कसाही लिहिलेला, पायथॉन या संगणकाच्या भाषेतला कोड या प्रोग्राममध्ये, म्हणजे फॉर्मॅटरमध्ये, घालावा, तो ओळी सरळ करून, कंस जुळवून, घडी घातल्यासारखा नीटनेटका बाहेर यायचा. देशोदेशीची हौशी मंडळी हे काम फुकट करत आणि जगभरचे प्रोग्रामर त्या घडीवर विसंबून असत. जगाचं कपाट लावून देणाऱ्या या गृहस्थांचे स्वतःचे शर्ट खुर्चीच्या पाठीवर राहत, ही गोष्ट मेव्हणी दर भेटीत सांगे.

त्या दिवशी दूरदेशीच्या एका प्रोग्रामर बाईंची तक्रार आली होती. कंसात कंस, त्यात आणखी कंस असला, की आत लिहिलेली कॉमेंट तुमचा फॉर्मॅटर भलतीकडे नेऊन ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. कॉमेंट म्हणजे कोडच्या कडेला माणसाने माणसासाठी लिहिलेली ओळ. यंत्र ती वाचतच नाही. कंसरावांनी थोडी खटपट केली आणि बाईंचं उदाहरण नीट बसू लागलं. आता आणखी खोल कंसांची एखादी फाइल हवी होती, आणि तशी फाइल घरातच होती.

कंसरावांची बायको नाटकांची प्रकाशयोजना करायची. तिचे दिवे तिच्या लॅपटॉपवरच्या पायथॉनच्या फाइलवर चालत. नाटकाच्या कंसात प्रवेश, प्रवेशाच्या कंसात दिव्यांचे गट, गटांच्या कंसात एकेक दिवा. ती आत आरशासमोर केस वाळवत होती. ड्रायरचा आवाज घरभर भरला होता.

"तुझी दिव्यांची फाइल घेऊ का जरा?" कंसरावांनी दारातून विचारलं.

"घे की. जिन्याखालीच आहे."

जिन्याखाली म्हणजे कुठल्या फोल्डरमध्ये, हे कंसरावांना कळेना. पण परवानगी मिळाली होती, आणि फाइल त्यांनी शोधून काढली.

"झालं की पुसून ठेव," आतून आवाज आला.

हे त्यांना जरा विचित्र वाटलं. पण बायकोच्या सूचनेवर उलट प्रश्न विचारायचा नाही, हे त्यांनी संसारात कमावलेलं शहाणपण होतं. त्यांनी फाइल फॉर्मॅटरमधून काढली. काय देखणी दिसत होती. आधीचा आणि नंतरचा कोड एकच काम करतो ना, हे फॉर्मॅटर स्वतः तपासतो. तेही बरोबर निघालं. मग नवी फाइल तिच्या जागी ठेवून, सांगितल्याप्रमाणे त्यांनी जुनी पुसून टाकली.

ड्रायरच्या आवाजात बायकोने फाइलऐवजी दिव्यांची शिडी समजून उत्तरं दिली होती, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

संध्याकाळी प्रयोग होता. एका दीपगृहात एकटी राहणाऱ्या म्हातारीचं नाटक. सभागृहात आधी कुणाची तरी सभा होती, ती लांबली, आणि दिव्यांची तालीम घ्यायला वेळच उरला नाही. प्रत्येक सभागृहाचे दिवे वेगळे, म्हणून बायको ऐनवेळी काही आकडे हाताने बदलायची. कुठला बदलायचा ते तिने कॉमेंटमध्ये लिहून ठेवलेलं असे. शेवटच्या प्रवेशात तिला हवी ती ओळ दिसली, 'इथे हा शून्य करायचा', आणि तिने खालच्या दिव्याचा आकडा शून्य केला. आपणच लिहिलेल्या ओळीवर कोण संशय घेतं?

कंसराव सगळ्यात मागे, दिव्यांच्या खोलीत तिच्या शेजारी स्टुलावर बसले होते. (मदतीला नव्हे. पुढच्या रांगेत ते घोरतात.)

शेवटचा प्रवेश सुरू झाला. मागच्या पडद्यावरचं आभाळ विझणार आणि म्हातारीच्या चेहऱ्यावर उजेड येणार, असं ठरलेलं होतं. झालं उलटंच. आभाळ तसंच पेटलेलं राहिलं, पहाटेआधीच्या निळ्या-जांभळ्या रंगात, आणि म्हातारीचा चेहरा काळोखात बुडाला. त्या एवढ्या मोठ्या आभाळासमोर एक लहानशी काळी आकृती तेवढी उरली.

म्हातारीचं काम करणाऱ्या बाई क्षणभर थांबल्या. तोंडावर उजेड नाही हे त्यांना जाणवलं असावं. मग त्या सावकाश वळल्या, लोकांकडे पाठ केली, आणि लोकांना ऐकवायचं ते लांबलचक बोलणं त्या आभाळाशी बोलू लागल्या. हळू आवाजात, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. सगळं सभागृह पुढे झुकलं. खोकला नाही, कुजबुज नाही.

कंसरावांच्या अंगावर काटा आला. आपण कुठे बसलोय हेही ते विसरले.

"काय केलंयस गं हे," ते कसेबसे म्हणाले.

"मी नाही केलेलं," बायको म्हणाली.

तिचं बोट चेहऱ्याच्या दिव्याच्या सरकत्या बटणावर होतं. वर सरकवलं असतं तर सगळं ठरल्यासारखं झालं असतं. कंसरावांची नजर तिच्या बोटावरून स्क्रीनवर गेली. 'इथे हा शून्य करायचा' ही कॉमेंट मागच्या पडद्याच्या दिव्यांच्या कंसात अगदी शेवटी, कंस बंद होण्याच्या आत असायला हवी होती. ती कंसाबाहेर पडून चेहऱ्याच्या दिव्याच्या डोक्यावर जाऊन बसली होती. आणि ही नीटनेटकी घडी कुणाची, ते त्यांना लगेच ओळखू आलं.

ते काही बोलणार, तोच बायकोने बोट बटणावरून उचललं आणि हात मांडीवर ठेवला. पुढे ती नुसती बघत राहिली.

पडदा पडला तरी टाळ्यांना वेळ लागला. मग त्या थांबेनात. दिग्दर्शक डोळे पुसत वर आला, म्हणाला, "बाई, हे तुम्ही माझ्यापासून लपवून ठेवलं होतं."

"चुकून झालं," बायको म्हणाली. त्याला तो विनय वाटला.

घरी आल्यावर तिने चपला काढता काढता विचारलं, "फाइलला कुणी हात लावला होता?"

"तूच म्हणालीस, घे."

"मी शिडीचं म्हणाले."

"पुसून ठेव म्हणालीस."

"शिडीला चिखल होता." तिने हातातली चप्पल खाली ठेवली. "काय पुसलंस?"

कंसरावांनी सांगितलं. ती खुर्चीवर बसली, त्यांच्या शर्टांसकट. रागावली असती तर बरं झालं असतं.

"इतकी वर्षं मी माणसांच्या तोंडावर उजेड टाकतेय," ती म्हणाली. "तो काढून घेतल्यावर काय होतं, ते आज पाहिलं. आणि तेही तुझ्या घोळामुळे. माझ्या नावावर टाळ्या, आणि काम कुणाचंच नाही."

"घोळ माझा," कंसराव म्हणाले. "पण बोट तू उचललंस. मी तुझ्या जागी असतो तर घाबरून सगळे दिवे लावले असते."

ती हसली नाही, पण तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कंसराव पुन्हा कोडला बसले, ते जरा दबकतच. कॉमेंट हलली तर प्रोग्रामचं काही बिघडत नाही, असं ते आजवर सगळ्यांना ठासून सांगत. प्रोग्रामचं खरंच काही बिघडलं नव्हतं. पण कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी पुढच्या माणसासाठी लिहून ठेवलेल्या लाखो ओळी आपल्या हातून जातात, आणि कुणीतरी त्या वाचून बटणावर बोट ठेवतं, या विचाराने त्यांचे हात कीबोर्डवर थबकले. मग त्यांनी चूक शोधली. कंस बंद होण्याआधीच्या कॉमेंटला फॉर्मॅटर आतली समजतच नव्हता, दार लावताना तिला बाहेर काढत होता. ते त्यांनी दुरुस्त केलं.

आता कायमची चाचणी म्हणून खरी फाइल हवी होती. ड्रायर बंद आहे याची खात्री करून त्यांनी बायकोला विचारलं. तिने चेहऱ्याचा दिवा शून्यावरच ठेवून एक छोटी फाइल करून दिली. कंसरावांनी ती न वाचताच चाचणीत घातली. सगळ्यात आतल्या कंसातली कॉमेंट जागची तसूभरही हलली नाही. दुरुस्ती मंजूर झाली, जगभर गेली.

काही दिवसांनी त्या दूरदेशीच्या बाईंचा निरोप आला. आभार मानून त्यांनी विचारलं होतं, चाचणीतली ती तुमच्या भाषेतली ओळ काय सांगते? आम्ही कुणीही काहीही बदललं की आधी तीच तपासली जाते.

कंसरावांनी फाइल पहिल्यांदा उघडून वाचली. लिहिलं होतं, 'या फाइलला नवऱ्याने हात लावू नये.'

ती सुरक्षेची सर्वसाधारण सूचना आहे, असं त्यांनी कळवलं आणि ओळ बदलण्याचा प्रस्ताव मंडळींपुढे ठेवला. मंडळींनी तो एकमताने फेटाळला. इतकी उत्तम चाललेली फाइल आहे, तिला तुम्ही उगाच हात लावू नये, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.