धूळ : निरंक

धूळ दोन प्रकारची असते : नोंदलेली आणि न नोंदलेली. पैकी न नोंदलेल्या धुळीने आजवर एकही माणूस आजारी पडल्याचे कागदोपत्री आढळत नाही. ज्या अग्निशमन केंद्राची ही हकिगत आहे, तिथे हे तत्त्व अकरा वर्षे एका माणसाने एकहाती सांभाळले. ते केंद्राचे नोंद कारकून. जवान त्यांना 'निरंकराव' म्हणत, आणि हे नाव आदरापोटी पडले असावे, असा खुद्द त्यांचा बराच काळ समज होता.

त्यांच्या ताब्यात 'धूळ-संपर्क नोंदवही' असे. आगीवरून बंब परतला की कोणत्या जवानाच्या अंगावर कसली धूळ आली ते लिहायचे. रकाने सहा. पाचांत तारीख, ठिकाण वगैरे किरकोळ तपशील आणि सहाव्यात धूळ. धूळ आढळली असे लिहिले, तर सोबत तीन प्रतींत अहवाल, धुळीचा नमुना बाटलीत (बाटली पुरवली जात नसे), शिवाय या प्रकरणाशी ज्याचा कसलाही संबंध नाही अशा एका नागरिकाची 'नोंद वाचली' म्हणून सही. नाही आढळली, तर एकच शब्द : निरंक. निरंकरावांचे अक्षर मोत्यासारखे होते. अकरा वर्षांत त्यांनी तो शब्द चौदा हजार दोनशे सहा वेळा लिहिला. (मोजदाद त्यांचीच. वेळ होता.)

जवानही काही कमी नव्हते. या धंद्यात माणसाची पत त्याच्या कोटावरच्या मळावरून ठरते. कोणी कोट धुऊन आला, तर 'काय, मुलगी बघायला निघालास?' असे विचारून त्याला दिवसभर सळो की पळो करून सोडत. सगळ्यांत काळा कोट दाजींचा. दाजी म्हणजे निरंकरावांच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि बंबावरचे सर्वांत जुने जवान. रंगाच्या कारखान्याची आग अठरा दिवस धुमसत होती. तिचा ढिगारा दाजींनी फावड्याने उपसला होता, आणि तो कोट त्यानंतर सहा वर्षे धुतलेला नव्हता. खुंटीवरून काढला तरी तो आपला आपण उभा राहतो, अशी त्याची ख्याती होती. कोणी धुवा म्हटले की दाजी म्हणत, "हा मळ नाही, ही माझी नोकरी आहे."

फार तर तो अंगणात नेऊन भिंतीवर झटकायचा. सगळेच झटकत. ती भिंत नेमकी निरंकरावांच्या खिडकीखालची. झटकणी सुरू झाली की निरंकराव खिडकी लावत, कडी घालत, फटीत जुने वर्तमानपत्र कोंबत, नाकाला रुमाल धरत आणि मग वही उघडून 'निरंक' लिहीत. (क्रम महत्त्वाचा आहे.)

पुढे दाजींना जिना चढवेना. हिरड्यांतून रक्त यायला लागले, दंडावर न लागताच निळे डाग उठायला लागले. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला. आगीच्या ढिगाऱ्यांवर, विषारी धुळीत वर्षानुवर्षे काम केलेल्यांना याचा धोका जास्त असतो, तेव्हा कुठे कसली धूळ अंगावर आली ते खात्याकडून लिहून आणा, असेही म्हणाले. आजार नोकरीपायी झाला असे ठरले, तर उपचार मोठ्या इस्पितळात आणि खात्यामार्फत. नाही ठरले, तर 'शारीरिकदृष्ट्या अपात्र' असा शिक्का आणि निरोपाचा हार. निर्णयासाठी तिघांची समिती बसली. समितीने नोंदवही मागवली, पानन् पान वाचली आणि निष्कर्ष काढला : दाजींच्या नावावर आगी चारशे बारा, धूळ चारशे बारा वेळा निरंक. एकही खाडाखोड नसलेली वही आम्ही प्रथमच पाहिली, असा शेराही मारला. निरंकरावांना तो शेरा वाचून क्षणभर बरे वाटले, हे इथे नमूद करणे भाग आहे.

त्या संध्याकाळी ते ताईकडे गेले. दाजी आत पडले होते. ताई गोळ्यांचे वेळेनुसार ढीग लावत होती. नजर वर न करता ती म्हणाली, "ते लोक कोट झटकायचे तेव्हा तू खिडकी लावून घ्यायचास ना रे?"

"फायली खराब होतात, ताई."

"हं. फायली." आणि तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला. चहा नेहमीसारखाच होता.

फायली म्हणताच मात्र त्यांना त्यांचाच एक अर्ज आठवला. पाच वर्षांपूर्वीचा. विषय : कार्यालयाच्या खिडकीस रबरी पट्टी बसवणेबाबत. त्यात त्यांनी लिहिले होते की, जवान कोट झटकतात तेव्हा काळपट, डोळ्यांत झोंबणारी, रसायनांचा वास मारणारी धूळ मोठ्या प्रमाणावर आत येते आणि तिच्यापासून फायलींच्या जिवाला धोका आहे. फायलींच्या जिवाचा प्रश्न म्हटल्यावर वरिष्ठांनी ताबडतोब धूळ प्रयोगशाळेत पाठवली. विषांची यादी दीड पानांची आली. पट्टी आठ दिवसांत बसली.

हा अर्ज दाखवणे म्हणजे चौदा हजार दोनशे सहा शब्द एका घोटात गिळणे होते. निरंकरावांनी दोन दिवस ढकलले, तिसऱ्या दिवशी अर्ज समितीपुढे ठेवला. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिले. "म्हणजे धूळ आहे हे तुम्हांला ठाऊक होतं?"

"फायलींच्या बाबतीत ठाऊक होतं, साहेब."

समितीने अर्ज पुरावा म्हणून मान्य केला आणि निकाल दिला. सदर पुराव्यावरून विषारी धूळ कार्यालयाच्या *आत* असल्याचे सिद्ध होते. आजारी जवान कार्यालयात कधीही आलेला नाही, कारण 'मळक्या कोटाने आत येऊ नये' अशी सूचना दारावर आहे (सही : निरंकराव). सबब धुळीशी संपर्क एकट्या कारकुनाचा आला असून त्याचे रक्त दरवर्षी खात्यातर्फे तपासले जावे. जवानाच्या बाबतीत, नोंद नियमानुसार दुरुस्त होऊन महिनाअखेरपर्यंत आल्यास फेरविचार करता येईल.

दाजींना निकाल वाचून दाखवला तेव्हा ते हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. "धूळ मी आणली आणि तपासणी तुझी. चला, घरच्या घरात राहिलं."

मग त्यांनी औषधाची एक रिकामी बाटली पुढे केली. "कोट केंद्रातच खुंटीवर आहे. झटक. पण खिडकी उघडी ठेव."

निरंकरावांनी कोट झटकला. आयुष्यात पहिल्यांदाच. डोळे चुरचुरले, घसा धरला. बाटली भरली. वहीत चारशे बारा ठिकाणी 'निरंक' खोडून खरे लिहिले, तेव्हा अक्षर पहिल्यांदाच बिघडले. तीन प्रती झाल्या. दुरुस्ती का करावी लागली याची हकिगत, स्वतःच्या चुकीसकट, जोडली. राहिली फक्त संबंध नसलेल्या नागरिकाची सही.

वाटले होते, असा माणूस पैशाला पासरी मिळेल. शेजाऱ्यांना चष्मा सापडला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, शाळेच्या वेळेत नको, आणि नंतर म्हणाले, शाळेच्या वेळेबाहेर नको. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "आमचा याच्याशी काय संबंध?" नेमका असाच माणूस हवा आहे, हे त्याला समजावून सांगेपर्यंत तो आतल्या खोलीत गेला होता. आठवड्याभरात एकोणीस जणांनी सहानुभूती व्यक्त केली. वाचले कोणीच नाही.

ती जोडलेली हकिगत म्हणजेच वरचा मजकूर. महिना संपायला चार दिवस आहेत. आपला या प्रकरणाशी काही संबंध नाही, आणि आपण इथवर वाचले आहे. म्हणजे दोन्ही अटी पुऱ्या होतात. सहीची जागा खाली कोरी सोडली आहे. पेन आणायला उठायचे तर जरूर उठा. फक्त उठल्या उठल्या खिडकी लावून घेऊ नका.